गल्फला पहिल्यांदा निघताना: आधी कागद, मग पैसा

खेड, मंडणगड, दापोली, श्रीवर्धन, म्हसळा या पट्ट्यात गल्फ परका नाही. जवळजवळ प्रत्येक वाडीतलं कुणी ना कुणी दुबईला, कुवेतला नाहीतर सौदीला असतंच. गोव्यातल्या घरांची कुवेत-बहरीनशी ओळख तर पिढ्यांची. तरीही पहिल्यांदा निघणाऱ्या पोराला मिळणारी माहिती बहुतेक ऐकीव असते. मामा पंधरा वर्षांपूर्वी गेला तेव्हाचे नियम मामा सांगतो, एजंट त्याच्या सोयीचे नियम सांगतो, आणि यूट्यूबवाला आणखी तिसरंच काही.

हा लेख वेल्डर, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, एसी मेकॅनिक, फिटर, ड्रायव्हर, कुक, हेल्पर अशा कामांसाठी निघणाऱ्यांचा विचार करून लिहिला आहे. नर्सिंग आणि इंजिनिअरिंगच्या परवान्यांचा मार्ग वेगळा आहे, त्यात इथे शिरत नाही. सगळ्या पायऱ्यांना लागू पडणारा नियम एकच: पुढचा कागद हातात पडून वाचून झाल्याशिवाय खिशातला पैसा हलवायचा नाही. गल्फच्या नोकरीत फसलेल्यांच्या कहाण्या ऐकल्या, तर बहुतेकांत हा क्रम उलटा झालेला दिसतो.

पासपोर्ट, आणि त्यावरचा तो शिक्का

नोकरी शोधायच्या आधी पासपोर्ट काढा. ३६ पानी साध्या पासपोर्टची सरकारी फी १,५०० रुपये आहे. अर्ज पासपोर्ट सेवेच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः भरता येतो. सायबर कॅफेवाल्याला फॉर्म भरण्याचे शे-दोनशे द्या हवं तर, पण "आतून करून देतो" म्हणून तीन-चार हजार मागणाऱ्याला एक रुपयाही नको.

नावाकडे नीट लक्ष द्या. आधार, दहावीचं प्रमाणपत्र आणि पासपोर्ट यांत नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख अक्षरशः सारखी हवी. आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नका. पासपोर्टवर एकच शब्दाचं नाव असेल तर अमिराती (यूएई, म्हणजे दुबई-अबुधाबीचा देश) २०२२ पासून व्हिजिट व्हिसावर प्रवेश देत नाही, आणि इतरत्रही अशा पासपोर्टाने नसत्या चौकश्या मागे लागतात.

आता ईसीआर. दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर, शेवटच्या पत्त्याच्या पानावर, 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' असं छापलेलं असतं. म्हणजे सहाही गल्फ देश धरून १८ देशांत नोकरीला जायचं तर भारत सरकारच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या अधिकाऱ्याची मंजुरी आधी घ्यावी लागते. दहावी पास असाल, तर अर्जासोबत प्रमाणपत्र जोडा. मग काहीच छापलं जात नाही आणि या मंजुरीची गरज राहत नाही. मान्यताप्राप्त संस्थेतला दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम पूर्ण केला असेल तरीही ही सूट मिळते. बरीच मुलं आळसापायी प्रमाणपत्र जोडत नाहीत, ईसीआर पासपोर्ट घेतात आणि नंतर तो बदलायला पुन्हा पूर्ण अर्ज करतात.

मात्र ईसीआरला शाप समजू नका. मंजुरीच्या निमित्ताने तुमचा करार, मालक आणि पगार सरकारी यंत्रणेत नोंदला जातो. दहावी पास मुलाचा करार कुणीच तपासत नाही, तो त्याने स्वतःच तपासायचा असतो. फसवले जाणाऱ्यांत शिकलेली मुलं कमी नसतात, त्याचं हे एक कारण आहे.

ईसीआर पासपोर्टवर कामाला जाणाऱ्या महिलांसाठी नियम अधिक कडक आहेत. वय ३० पूर्ण असावं लागतं, आणि घरकामासारख्या नोकऱ्यांची भरती ठरावीक सरकारी संस्थांमार्फतच होते. एखादा खाजगी एजंट पंचवीस वर्षांच्या मुलीला "घरकामाचा व्हिसा आहे, व्हिजिटवर पाठवतो" म्हणत असेल, तर तिथेच बोलणं थांबवा.

हातातलं काम आणि त्याचा पुरावा

बायोडेटा एक पान पुरे. पण त्यात "वेल्डर, ५ वर्षं अनुभव" एवढंच लिहू नका. कोणतं वेल्डिंग ते लिहा: आर्क, टिग की मिग, पाइप की प्लेट, कोणत्या जागी. एसी मेकॅनिक असाल तर स्प्लिट, पॅकेज की चिलर. ड्रायव्हर असाल तर हलकं वाहन, जड वाहन की ट्रेलर. क्लायंट, म्हणजे माणसं घेणारी तिकडची कंपनी, मुंबईत येऊन ट्रेड टेस्ट घेतो तेव्हा याच ओळी समोर धरून विचारतो.

अनुभवाचे दाखले कंपनीच्या लेटरहेडवर, तारखेसह आणि सहीशिक्क्यासह घ्या. एजंट खोटे दाखले करून देतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण सौदीने काही कामांसाठी भारतातच कौशल्य चाचणी सुरू केली आहे. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वेल्डर, एसी मेकॅनिक अशांना 'तकामोल'ची परीक्षा द्यावी लागते आणि ती पास झाल्याशिवाय त्या कामाचा व्हिसा लागत नाही. खोट्या दाखल्याचा तिथे उपयोग शून्य. दोन महिने एखाद्या चांगल्या मिस्त्रीच्या हाताखाली घालवा, ते जास्त कामाला येईल.

सुपरवायझर, टेक्निशियन किंवा पदविका लागणाऱ्या जागेसाठी प्रमाणपत्रांचं सत्यापन लागतं. अमिराती, कुवेत, कतार यांच्यासाठी क्रम असा असतो: राज्य शासनाचा विभाग, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाचा दूतावास. ओमान, बहरीन आणि सौदी हे अपोस्टिल, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचा आंतरराष्ट्रीय शिक्का, मानणारे देश आहेत, तिथे दूतावासाची फेरी वाचते. याला वेळ लागतो, म्हणून नोकरीची खात्री झाली की लगेच सुरू करा, पण खात्री होण्याआधी यावर पैसे घालवू नका.

एजंट कसा तपासायचा

१९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीची भरती करणाऱ्याकडे सरकारी नोंदणी असावीच लागते. ती नसलेला कितीही ओळखीचा असो, वाडीतला असो, बेकायदा धंदा करतो आहे. "मी फक्त माणसं मुंबईच्या ऑफिसला देतो" म्हणणारा सब-एजंटही त्यातच आला. कायद्यात सब-एजंटला जागा नाही.

तपासायचं कसं? ई-मायग्रेट हे परराष्ट्र मंत्रालयाचं संकेतस्थळ उघडा. तिथे नोंदणीकृत एजंटांची यादी आहे, नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून शोधता येते. क्रमांक लांबलचक असतो, त्यात मुंबईच्या एजंटासाठी 'एमयूएम' अशी खूण असते. नोंदणी चालू आहे, मुदत संपली आहे की निलंबित आहे, हे समोर लिहिलेलं असतं. बेकायदा म्हणून तक्रार झालेल्यांची वेगळी यादीही तिथेच सापडते. ऑफिसच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेलं लायसन्स बघून भागत नाही. दुसऱ्याच्या लायसन्सची रंगीत झेरॉक्स लावून बसलेले लोक आहेत. संकेतस्थळावरचा पत्ता आणि तुम्ही बसला आहात तो पत्ता जुळतो का, ते बघा.

नोकऱ्यांच्या जाहिराती कुठे मिळतात? मुंबईतून आठवड्यात दोनदा निघणारा 'असाइनमेंट्स अब्रॉड टाइम्स' अजूनही जुन्या गल्फवाल्यांचा आधार आहे, आणि आता त्याच जाहिराती फोनवर फिरतात. जाहिरातीत नोंदणी क्रमांक छापलेला नसेल, कंपनीचं नाव नसेल, फक्त "दुबई, अर्जंट, ५० जागा, रोज इंटरव्ह्यू" आणि मोबाइल नंबर असेल, तर ती सोडून द्या. जाहिरात छापून आली म्हणजे ती खरी, असं काही नसतं.

आणि घाई. "भाऊ, सीटा भरतायत, उद्यापर्यंत पासपोर्ट आणि पन्नास हजार जमा कर." हे वाक्य मुंबईतल्या जवळपास प्रत्येक बोगस ऑफिसात ऐकायला मिळतं. खरी कंपनी पन्नास माणसं घेताना दोन दिवस थांबते. पासपोर्ट द्यावाच लागला, तर लेखी पोच घ्या, आणि त्याआधी त्याच्या पहिल्या-शेवटच्या पानांचे फोटो स्वतःकडे आणि घरी ठेवा.

पगाराचा हिशोब

इथे थोडा वेळ द्या, कारण पुढची दोन वर्षं यावरच उभी असतात.

एजंट तोंडी सांगतो तो आकडा बहुधा ओव्हरटाइम, जेवण सगळं धरून फुगवलेला असतो. तुम्ही बेसिक विचारा. ओव्हरटाइम बेसिकवर मोजला जातो, नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटीही बेसिकवरच.

समजा अमिरातीत बेसिक १,२०० दिरहम आहे. दिवसाचे ४० दिरहम, आठ तासांनी भागलं तर तासाला ५. तिथल्या कायद्यात आठवड्याला ४८ तासांच्या वरच्या कामाला २५ टक्के जादा, म्हणजे ६.२५ दिरहम तासाला. रात्री दहा ते पहाटे चार असेल तर ५० टक्के जादा. रोज दोन तास ओव्हरटाइम, महिन्याला २६ दिवस मिळाला, तर ५२ तासांचे ३२५ दिरहम. एकूण १,५२५. एजंट याच जागेला "दोन हजारच्या पुढे" म्हणत असेल, तर ते कुठून येणार ते त्यालाच कागदावर लिहायला लावा. ओव्हरटाइमची हमी कुणी देत नाही. काम मंदावलं की सगळ्यात आधी तोच जातो. म्हणून घरचा हप्ता ठरवताना फक्त बेसिक धरा.

ग्रॅच्युइटी अमिरातीत पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचं बेसिक, त्यापुढे ३० दिवसांचं. वरच्या उदाहरणात वर्षाला ८४० दिरहम होतात. एक वर्ष पूर्ण होण्याआधी सोडलं तर काही नाही.

कतारने २०२१ पासून किमान वेतन लागू केलं आहे: बेसिक १,००० रियाल, आणि कंपनी जेवण देत नसेल तर वरती ३००, राहायला देत नसेल तर ५००. याहून कमी सांगणारा कतारचा करार कायद्यातच बसत नाही.

जेवणाचा मुद्दा मुलं हसण्यावारी नेतात. कंपनी जेवण देणार, की फूड अलाउन्स देणार, की दोन्ही नाही? कॅम्पमध्ये सात-आठ जण मिळून मेस चालवली तरी महिन्याचे पैसे लागतातच. दोनशे रियालच्या अलाउन्सवर डाळ-भात-मच्छी निघेल का, हे तिथे राहणाऱ्या गावच्याच माणसाला विचारा, एजंटाला नको.

करार: काय वाचायचं

ऑफर लेटर इंग्रजीत असतं, अरबी प्रत सोबत. अमिरातीत मनुष्यबळ मंत्रालयाच्या ठरलेल्या नमुन्यातलंच ऑफर लेटर सही करायला देतात आणि ते हिंदीसह इतर काही भाषांतही मिळतं. मराठी त्यात नाही, तेव्हा हिंदी प्रत मागा. इंग्रजी नीट येणारं कुणीतरी शेजारी बसवून प्रत्येक ओळ वाचा.

कंपनीचं पूर्ण नाव आणि शहर. कामाचं नाव. बेसिक आणि भत्ते वेगवेगळे. रोजचे तास, साप्ताहिक सुटी. राहणं, साइटवर नेणं-आणणं, आजारपणाचा विमा. कराराची मुदत, बहुधा दोन वर्षं. प्रोबेशन, अमिरातीत ते सहा महिन्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. वार्षिक रजा आणि रजेचं तिकीट कोणाचं. करार संपल्यावर परतीचं तिकीट. व्हिसा, वर्क परमिट, सौदीत इकामा (राहण्याचा परवाना) यांचा खर्च मालकाचा असतो; तो तुमच्या पगारातून कापणार असं कुठे लिहिलेलं असेल, तर सही करू नका.

कामाच्या नावावर थोडं थांबतो. करारात 'पाइप वेल्डर' आणि व्हिसावर 'आमिल', म्हणजे साधा मजूर, असा प्रकार नेहमी होतो. एजंट म्हणतो, "व्हिसा त्याच कोट्यात मिळाला, काम तुझंच आहे." पुढे पगारावरून भांडण लागलं, की लेबर ऑफिस व्हिसा आणि नोंदलेला करार बघतं, तुमच्या फोनमधलं एजंटाचं व्हॉट्सॲप नाही. व्हिसा आला की अरबी वाचणाऱ्या कुणाकडून तरी त्यावरचं काम वाचून घ्या. कोकणात मदरशात शिकलेली माणसं गावोगाव आहेत, पाच मिनिटांचं काम आहे.

पैसे किती, केव्हा

कायद्याने नोंदणीकृत एजंट तुमच्याकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेऊ शकतो. १८ टक्क्यांनी ते ३५,४०० होतात. त्याची पावती द्यायला तो बांधील आहे. प्रत्यक्षात ऐंशी हजार, लाख, दीड लाख मागितले जातात, हे कुणापासून लपलेलं नाही. निदान एवढं करा: रोख देऊ नका, एजन्सीच्या नावाच्या बँक खात्यावरच भरा. पावती देतो त्यापेक्षा जास्त मागणारा माणूस पुढच्या टप्प्यालाही मागणार, हे धरून चला.

इंटरव्ह्यूची फी, रजिस्ट्रेशनची फी, "फाइल चार्ज" यांपैकी काही द्यायचं नाही. निवड झाली, ऑफर लेटर वाचून झालं, व्हिसा तपासला, मग पैसे. पतसंस्थेत आईचं सोनं ठेवायची वेळ आलीच, तर व्हिसाची प्रत हातात आल्यावर ठेवा, त्याआधी नको.

व्हिसा खरा आहे का, हे तुम्ही स्वतः बघू शकता. अमिरातीचा प्रवेश परवाना त्यांच्या ओळख आणि नागरिकत्व विभागाच्या संकेतस्थळावर, दुबईचा तिथल्या रेसिडेन्सी विभागाच्या संकेतस्थळावर, सौदीचा त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या व्हिसा संकेतस्थळावर क्रमांक टाकून दिसतो. जमत नसेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राला १८०० ११ ३०९० या मोफत क्रमांकावर विचारा.

'फ्री व्हिसा' आणि व्हिजिट व्हिसा

हे दोन शब्द कानावर पडले की सावध व्हा.

फ्री व्हिसा, कुठे आझाद व्हिसा म्हणतात. यात व्हिसा एका कफीलच्या, म्हणजे कागदोपत्री मालकाच्या, नावावर निघतो, काम मात्र तुम्ही बाहेर शोधायचं, आणि कफीलला दरवर्षी पैसे द्यायचे. अशी व्हिसाची जात कायद्यात अस्तित्वातच नाही. कफीलशिवाय दुसरीकडे काम करताना पकडलं गेलं तर दंड, कैद, परतपाठवणी. कफीलने "पळून गेला" अशी तक्रार टाकली, सौदीत तिला हुरूब म्हणतात, की इकामा असूनही माणूस बेकायदा ठरतो. गावातल्या कुणीतरी याच मार्गाने दुकान काढलं, घर बांधलं, हे खरं असेलही. तो वाचला म्हणून तुम्ही वाचालच असं नाही.

व्हिजिट व्हिसावर जाऊन नोकरी शोधणं वेगळं आणि व्हिजिटवर कामाला लागणं वेगळं. शोधायला जायचं असेल, राहायला सख्खा भाऊ किंवा काका असेल, परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवलेले असतील, तर तो तुमचा निर्णय. पण परमिट निघण्याआधी कामावर उभं राहायचं नाही. परमिट नसलेल्या माणसाला कामावर ठेवणाऱ्या मालकाला अमिरातीत २०२४ पासून १ लाख ते १० लाख दिरहम दंड आहे. त्यामुळे छोटे मालक तपासणी आली की अशा कामगाराला ओळखही दाखवत नाहीत. ईसीआर पासपोर्टवाल्याला व्हिजिटवर पाठवताना एजंट "एअरपोर्टवर आपली सेटिंग आहे" म्हणतो. सेटिंग बिघडली तर सहार विमानतळावर एजंट नसतो, तुम्ही असता.

मेडिकल, पोलीस दाखला, मंजुरी

गल्फच्या मेडिकलला लोक अजून 'गामका' म्हणतात, आता ती यंत्रणा 'वाफिद' नावाने ऑनलाइन चालते. नोंदणी करून ठरलेल्या केंद्रात जायचं: रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी. निकाल थेट ऑनलाइन चढतो, त्यामुळे "अनफिटचं फिट करून देतो" म्हणणारा पैसे घेऊन पळणारच. माझा सल्ला, गावात शंभर-दोनशे रुपयांत आधी छातीचा एक्स-रे काढून डॉक्टरला दाखवा. लहानपणी बऱ्या झालेल्या क्षयाचा डागही फुप्फुसावर दिसला, तर अनफिट येऊ शकतं. ते मुंबईला जाऊन, हजारो खर्चून कळण्यापेक्षा इथेच कळलेलं बरं. अहवालाची मुदत दोनेक महिन्यांचीच असते, म्हणून व्हिसाची चाहूल लागल्यावरच मेडिकल करा.

पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेतूनच मिळतो, फी ५०० रुपये. तो लागेल का, हे देशावर आणि कंपनीवर अवलंबून. सौदीसाठी व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात बोटांचे ठसे द्यावे लागतात.

ईसीआर पासपोर्ट असेल तर एजंटाने किंवा मालकाने ई-मायग्रेटवर तुमची मंजुरी काढायची. त्यासाठी प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसी लागते. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचं संरक्षण, हप्ता दोन वर्षांसाठी २७५ रुपये, तीनसाठी ३७५, कर वेगळा. एजंटाने याचे दोन-तीन हजार लावले, तर पॉलिसीवर छापलेला आकडा दाखवा. पॉलिसीची प्रत घरी ठेवा, कारण दावा करायची वेळ आली तर तो घरच्यांनाच करायचा आहे. याखेरीज निघण्यापूर्वीचं एक दिवसाचं मोफत प्रशिक्षण असतं. मुलं टाळतात. तिथे तिथल्या कायद्याच्या ज्या गोष्टी सांगतात, त्या नंतर कॅम्पात कुणी सांगत नाही.

बँक, मोबाइल, जमीन

नोकरीसाठी बाहेर गेलात की तुमचं साधं बचत खातं एनआरओ करावं लागतं, आणि तिकडची कमाई पाठवायला एनआरई खातं उघडावं; दोन्ही अनिवासी भारतीयांची खाती. एनआरईवरच्या व्याजावर भारतात कर लागत नाही. निघण्याआधी शाखेत जाऊन फॉर्मची चौकशी करून ठेवा.

आधारशी आणि बँकेशी जोडलेलं सिम बंद पडू देऊ नका. सगळे ओटीपी त्यावर येतात. स्वस्तातला रिचार्ज घरच्यांना आठवणीने मारायला सांगा, आणि रोमिंगवर एसएमएस येतो का, ते इथेच तपासा. अमिरातीत व्हॉट्सॲपचे कॉल चालत नाहीत, मेसेज चालतात. 'बोटिम'सारखं ॲप घरच्यांच्या फोनवर निघण्याआधीच टाकून, चालवून दाखवा.

सातबाऱ्यावर वारस नोंद, वाटणी, घरबांधणीचा परवाना असं काही लोंबकळत असेल तर भावाच्या किंवा बायकोच्या नावे मुखत्यारपत्र करून जा. तिथून करायचं म्हटलं की भारतीय वाणिज्य दूतावासाची वेळ घ्या, रजा काढा, साक्षीदार शोधा, असं सगळं मागे लागतं.

सामान

मूळ कागद हातातल्या पिशवीत: पासपोर्ट, व्हिसा, करार, मेडिकल, प्रमाणपत्रं. त्यांच्या प्रती फोनवर आणि घरी.

खसखस नेऊ नका. अमिराती, सौदी, कतार इथे ती अमली पदार्थांत मोडते, आणि त्यापायी माणसं तुरुंगात गेली आहेत. आता आपल्या घरचं सामान आठवा: अनारसे, डिंकाचे लाडू, घरचा मालवणी मसाला. आईला मसाला खसखशीशिवाय कुटायला सांगा आणि लाडवांवर लावूही देऊ नका. खोकल्याचं कोडीनवालं औषध, ट्रामाडॉल, झोपेच्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय आणि त्या देशाचा नियम पाहिल्याशिवाय नको. विमानतळावर कुणी "दादा, एवढं पार्सल भावाला द्या, तो घ्यायला येईल" म्हणालं, अगदी गावचा असला तरी, नाही म्हणा. सुकी मच्छी मात्र खुशाल न्या, नीट बांधून, म्हणजे शेजारच्या बॅगवाल्याचे शिव्याशाप बसणार नाहीत.

तिथला पहिला महिना

पोहोचल्यावर पुन्हा मेडिकल, ठसे आणि मग ओळखपत्र: अमिरातीत एमिरेट्स आयडी, सौदीत इकामा. ते होईपर्यंत पासपोर्ट कंपनीच्या पीआरओकडे, म्हणजे सरकारी कागदपत्रं बघणाऱ्या माणसाकडे, जातो, हे चालतं. काम झाल्यावर तो परत मागा. पासपोर्ट दाबून ठेवणं अमिराती, सौदी, कतार तिन्ही ठिकाणी बेकायदा आहे. काही कॅम्पात "लॉकरमध्ये ठेवलाय" म्हणतात, मग लेखी पोच तरी घ्या.

भारतात सही केलेला करार आणि तिथे नोंदलेला करार एकच आहे का, हे फोनवर बघता येतं: सौदीत 'किवा', अमिरातीत मनुष्यबळ मंत्रालयाचं ॲप. बेसिक कमी दाखवलं असेल तर पहिल्याच महिन्यात बोला. सहा महिन्यांनी बोललात तर "तेव्हा का नाही बोललास" हेच उत्तर मिळतं.

पगार बँकेतून किंवा पगार कार्डवर येतो. सही करून रोख घ्यायला लावत असतील तर काहीतरी गडबड आहे. अमिरातीत बेसिक १६,००० दिरहमपर्यंत असलेल्यांना बेकारी विमा महिना ५ दिरहमांत सक्तीचा आहे. तो स्वतःच काढायचा असतो, राहिला तर दंड. उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करवून घेणं अमिरातीत मना आहे, सौदीतही याच काळात बारा ते तीन. फोरमनने विचारलं तर वेळ दाखवा.

ड्रायव्हर म्हणून गेला असाल तर भारतीय लायसन्सवर गाडी हातात घेऊ नका, तिथलं लायसन्स निघाल्यावरच घ्या. ते काढायचा खर्च कोण करणार, हे करारातच लिहून घ्यायला हवं होतं. राहिलं असेल तर निदान आता लेखी विचारा.

कॅम्पात गणपतीला, उरुसाला, गावच्या शाळेला वर्गणी काढायची आपली सवय आहे. अमिरातीत परवान्याशिवाय वर्गणी गोळा करणं गुन्हा आहे. व्हॉट्सॲपवर कुणाला शिवीगाळ करणंही. ग्रुपवर भांडण लागलं की फोन खाली ठेवा.

अडचण आलीच, तर आधी कंपनीला लेखी कळवा, ईमेल किंवा मेसेज, म्हणजे तारीख राहते. मग तिथल्या लेबर ऑफिसला. भारतीय बाजूने परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' संकेतस्थळ आहे, दुबईतल्या भारतीयांसाठी ८०० ४६३४२ हा मोफत क्रमांक आहे, आणि दूतावासाकडे अडकलेल्यांच्या तिकिटासाठी व कायदेशीर मदतीसाठी स्वतंत्र कल्याण निधी असतो. घरच्यांनी एजंटाविरुद्ध तक्रार करायची झाली, तर मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सकडे आणि जवळच्या पोलीस ठाण्यात. दोन्हीकडे पहिला प्रश्न पावती आणि नोंदणी क्रमांकाचा असतो, तेव्हा ते दोन कागद घरच्या फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवून जा.